जामीन मिळून 24 दिवस झाले, जामीनदार नाही. गरीब कैद्यांसाठीच्या सरकारी योजनेचा पैसा नेमका कसा मिळवायचा?

विधीस्वयंसेवक_लालबाग

नमस्कार. आर्थर रोड कारागृहातल्या एका कच्च्या (खटला अजून चालू असलेल्या) कैद्यासाठी नेमकी माहिती हवी आहे.

प्रकरण असं: भारतीय न्याय संहिता कलम 305, घरातली चोरी, कोर्ट माझगावचं. आधीचा एकही गुन्हा नाही. आदेश 15,000 रुपयांचा जातमुचलका (आरोपीचं स्वतःचं हमीपत्र) आणि तेवढ्याच रकमेचे एक किंवा दोन सक्षम जामीनदार असा आहे. माणूस बिगारी, मूळचा जालना जिल्ह्यातला, मुंबईत बांधकामाच्या साईटवरच राहायचा. रेशनकार्ड गावचं, आई आणि बहीण गावाकडे. खाजगी वकील जामिनापुरता होता, आता फोन घेत नाही. कोर्टाबाहेरचा एक माणूस बहिणीला "जामीनदार उभा करून देतो, पैसे पाठव" म्हणतोय.

केंद्राची गरीब कैद्यांना मदतीची योजना याला लागू होते का? अर्ज कोणी, कुठे करायचा? पैसे बहिणीच्या खात्यात येतात का? आणि तोवर हातावर हात ठेवून बसायचं की दुसरा काही मार्ग आहे?

फौजदारी_फोर्ट

पहिली गोष्ट, बहिणीला आजच फोन करून सांगा की त्या माणसाला एक रुपयाही पाठवायचा नाही. कोर्टाच्या दारातले हे जामीनदार बनावट रेशनकार्ड आणि खोट्या पगारपत्रकावर उभे राहतात. नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम 486 प्रमाणे आपण आतापर्यंत किती जणांना जामीन राहिलो हे जामीनदाराने कोर्टाला जाहीर करावं लागतं. पडताळणीत खोटेपणा निघाला की जामीन जातो, वर बनावट कागदपत्रांचा नवा गुन्हा दाखल होतो. तो कधी कधी आरोपीच्या नातेवाइकांवरही शेकतो.

आता योजना. ती केंद्रीय गृह मंत्रालयाची आहे, 2023-24 च्या अर्थसंकल्पात जाहीर झाली, वर्षाला 20 कोटींची तरतूद. कार्यपद्धती जून 2023 मध्ये राज्यांना गेली. निधी केंद्राचा आणि राष्ट्रीय गुन्हे नोंद विभाग ही मध्यवर्ती नोडल संस्था. जिल्ह्यात अधिकारप्राप्त समिती असते: जिल्हाधिकारी, जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाचे सचिव, पोलीस अधीक्षक, संबंधित कारागृहाचे अधीक्षक किंवा उपअधीक्षक, आणि त्या कारागृहाचे प्रभारी न्यायाधीश.

कच्च्या कैद्यासाठी क्रम असा आहे. जामिनाच्या आदेशापासून 7 दिवसांत सुटका झाली नाही तर कारागृहाने प्राधिकरणाच्या सचिवांना कळवायचं. सचिवांनी 10 दिवसांत चौकशी करून घ्यायची की पैशाअभावीच अडकलाय का. मग दर दोन-तीन आठवड्यांनी अशी प्रकरणं समितीसमोर ठेवायची. समितीने मान्य केलं तर एका कैद्यासाठी 40,000 रुपयांपर्यंतची रक्कम मुदतठेवीच्या रूपात कोर्टाच्या हवाली होते. त्यापेक्षा जास्त लागणार असेल तर प्रस्ताव राज्यस्तरीय देखरेख समितीकडे जातो. आर्थिक अफरातफर प्रतिबंधाचा पीएमएलए, अमली पदार्थांचा एनडीपीएस आणि बेकायदा कारवायांविरोधातला यूएपीए या कायद्यांखालच्या आरोपींना योजना लागू नाही. तुमचं कलम 305 यात अडत नाही, रक्कमही मर्यादेत आहे. (रकमा आणि मुदती 2023 च्या कार्यपद्धतीतल्या सांगतोय. अर्जाआधी चालू परिपत्रकाची प्रत प्राधिकरणात मागून घ्या.)

बहिणीच्या खात्यात काहीही येत नाही. पैसा सरकारकडून थेट कोर्टात जातो आणि खटला संपला, निर्दोष सुटो वा शिक्षा होवो, की कोर्टाच्या आदेशाने सरकारी खात्यात परत जातो.

पण खरी गाठ पुढे आहे, आणि तिथेच बहुतेक प्रकरणं अडकतात. तुमचा आदेश पुन्हा वाचा. तो पैसे मागत नाही, तो माणूस मागतो: सक्षम जामीनदार. योजना देते ती ठेव. समितीने उद्या 15,000 मंजूर केले तरी कोर्टाचा शिरस्तेदार म्हणेल, आदेशात रोख रक्कम नाही, कुठल्या आधारावर घेऊ? आणि त्याचं बरोबर आहे. म्हणून आधी नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम 490 खाली अर्ज टाकून अट बदलून घ्या: जामीनदारांऐवजी रोख रक्कम किंवा ठेव स्वीकारावी. हा बदल झाल्याशिवाय योजनेचा पैसा बसायला जागाच नसते. समितीपुढे प्रकरण जाईल तेव्हा हा बदललेला आदेश सोबत हवा.

दुसरं, मुदतींची बेरीज करा. 7 अधिक 10 अधिक 21, म्हणजे सगळं वेळेवर झालं तरी 38 दिवस. त्यानंतर रक्कम निघून कोर्टात पोचायची. म्हणून योजनेवर विसंबून थांबू नका. दोन्ही दोर एकाच वेळी ओढायचे.

कागदोपत्री

वरच्या उत्तराला जोडून. सर्वोच्च न्यायालयाचा 31 जानेवारी 2023 चा आदेश छापून सोबत ठेवा. जामीन मिळूनही न सुटलेल्या कैद्यांबद्दल स्वतःहून हाती घेतलेल्या प्रकरणातला तो आदेश आहे. तुमच्या कामाचे मुद्दे:

जामीन देणाऱ्या कोर्टाने आदेशाची प्रत त्याच दिवशी किंवा दुसऱ्या दिवशी ई-मेलने कारागृह अधीक्षकांना पाठवायची. अधीक्षकांनी जामिनाची तारीख ई-प्रिझन्स प्रणालीत भरायची. 7 दिवसांत सुटका नाही तर प्राधिकरणाला कळवायचं. आरोपी म्हणाला की बाहेर आलो तर जामीनदार आणतो, तर ठरावीक मुदतीचा तात्पुरता जामीन देण्याचा विचार कोर्टाने करावा. जामिनाच्या तारखेपासून एक महिन्यात बाँड भरला गेला नाही तर कोर्ट स्वतःहून प्रकरण हाती घेऊन अट सैल करण्याचा विचार करू शकतं. आणि स्थानिक जामीनदाराचा आग्रह हेच सुटका लांबण्याचं एक कारण असल्याने तशी अट घालू नये.

तुमचे 24 दिवस झालेत. अर्ज या आठवड्यात टाका, म्हणजे सुनावणीपर्यंत महिना उलटलेला असेल आणि हा मुद्दा जोर धरेल.

प्राधिकरणाला सूचना गेली की नाही हे गृहीत धरू नका. ई-प्रिझन्समध्ये जामिनाची तारीखच भरलेली नसेल तर सातव्या दिवसाची घंटा वाजतच नाही. हे फार घडतं, कारण आदेश कोर्टाच्या वेबसाइटवर चढलेला असतो पण कारागृहाच्या ज्युडिशियल विभागापर्यंत पोचलेला नसतो. तिथे जाऊन विचारा: जामिनाची नोंद कोणत्या तारखेची आहे? नसेल तर सीएनआर क्रमांकावरून (खटल्याचा ऑनलाइन क्रमांक) ई-कोर्ट्समधून आदेश काढा, प्रत द्या आणि पोच घ्या.

फौजदारी_फोर्ट

हो, तात्पुरत्या जामिनाबद्दल लिहायचं राहिलं. मुंबईच्या कोर्टांत ही रूढ वाट आहे, तिला इथे सगळे प्रोव्हिजनल कॅश बेल म्हणतात. रोख भरायची, माणूस लगेच बाहेर, आणि जामीनदार आणायला सहसा चार आठवड्यांची मुदत. अर्जात एकाखाली एक अशा तीन मागण्या लिहा:

पहिली, 15,000 ची रक्कम कमी करावी (कलम 484: बाँडची रक्कम प्रकरणाची परिस्थिती पाहून ठरवावी, अवाजवी नसावी).
दुसरी, जामीनदारांऐवजी रोख ठेव स्वीकारावी (कलम 490).
तिसरी, पर्यायाने निव्वळ जातमुचलक्यावर सोडावं, किंवा चार आठवड्यांसाठी तात्पुरतं सोडून जामीनदार आणायला वेळ द्यावा.

एकच मागणी केली आणि ती नाकारली गेली तर पुन्हा नवा अर्ज, पुन्हा सरकारी वकिलांचा से (लेखी म्हणणं), पुन्हा तारीख. तिन्ही एकत्र असतील तर कोर्टाला काहीतरी एक देणं सोपं जातं.

15,000 ची रक्कम 5,000 वर आली तर कदाचित बहीण स्वतःच भरू शकेल आणि योजनेची गरजच उरणार नाही. पैसे कोणी भरले तरी पावती ज्याच्या नावावर त्यालाच परत मिळतात. वकिलाच्या कारकुनाच्या नावावर पावती फाडू देऊ नका. मूळ पावती हरवली तर परताव्याला महिनोन् महिने जातात.

मुदतीचा तात्पुरता जामीन घेतला तर शेवटची तारीख डायरीत लाल करा. जामीनदार मिळाले नाहीत तर मुदतवाढीचा अर्ज मुदत संपायच्या आधी जायला हवा. एक दिवस उशीर झाला तरी वॉरंट निघू शकतं. मग पुढचा जामीन दुप्पट अवघड.

वकिलाचं: विधी सेवा प्राधिकरण कायदा 1987 च्या कलम 12 प्रमाणे कोठडीतल्या माणसाला उत्पन्न न बघता मोफत वकील मिळतो. कैद्याने आतून अर्ज करायचा. नव्या वकालतनाम्यावर त्याची सही आणि कारागृह अधिकाऱ्याचा शिक्का लागतो. हा कागद एकदा आत जाऊन बाहेर यायला चार-पाच दिवस सहज जातात, म्हणून तो सगळ्यात आधी पाठवा.

भायखळा_समाजकार्य

प्राधिकरणाची चौकशी म्हणजे बहुतेक वेळा एक पानी अहवाल, आणि समिती निर्णय त्यावरच घेते. "सदर इसम गरीब आहे" एवढ्यावर प्रकरण परत येतं. परिवीक्षा अधिकारी किंवा तुमच्यासारखा विधी स्वयंसेवक अहवाल लिहीत असेल तर त्यात हे हवंच:

रोजची मजुरी किती आणि महिन्यात साधारण किती दिवस काम मिळतं. शेवटच्या ठेकेदाराचा किंवा मुकादमाचा फोन, त्याच्याशी बोलल्याची तारीख. गावातलं घर कोणाच्या नावावर, शेती असेल तर सातबाऱ्यावर किती गुंठे आणि ती सामाईक आहे का. घरात कमावणारे किती, अवलंबून किती. रेशनकार्डाचा रंग. बँक किंवा जनधन खात्याच्या पासबुकाचं शेवटचं पान. अटक झाल्यापासून मुलाकातीला कोण आलं आणि किती वेळा. भेटीला कोणीच येत नाही, ही नोंद घरच्या तंगीबद्दल बरंच सांगते.

आणि एक गोष्ट जी नेहमी राहून जाते: सुटल्यावर तो कुठे राहणार आणि तारखेला कसा येणार. कोर्ट आणि समिती दोघांनाही खरी भीती हीच असते की माणूस गावी गेला की परत यायचा नाही. मुंबईत राहायची जागा, बोलता येईल असा एक फोन क्रमांक, गावच्या सरपंचाचा किंवा पोलीस पाटलाचा संपर्क, आणि तारखेला येण्याच्या भाड्याची सोय कोण करणार, हे लिहिलं की अहवालाला वजन येतं.

आपल्याकडे परिवीक्षा अधिकारी महिला व बाल विकास विभागाखाली येतात. त्यांच्यावर बालकांच्या प्रकरणांचाच भार एवढा असतो की कारागृहाचं पत्र फाइलीत पडून राहतं. पत्र गेल्यावर दोन दिवसांनी स्वतः जाऊन माहितीचा कच्चा मसुदा हातात द्या. आर्थर रोड आणि भायखळ्यात टाटा समाजविज्ञान संस्थेच्या प्रयास प्रकल्पाचे सामाजिक कार्यकर्ते बऱ्याच वर्षांपासून काम करत आलेत. गावाकडच्या कुटुंबाचा माग काढण्यात त्यांचा हात धरणारं कोणी नाही. त्यांनाही विचारा.

मुंबईतला आणखी एक खड्डा. शहर आणि उपनगर हे दोन जिल्हे, दोन जिल्हाधिकारी. आर्थर रोड शहरात, तुमचं कोर्टही शहरात, म्हणून तुम्हाला प्रश्न नाही. पण अंधेरी किंवा बोरिवली कोर्टाचा कैदी आर्थर रोडला असेल, किंवा गर्दीमुळे तळोज्याला हलवला असेल तर कारागृह एका जिल्ह्यात, कोर्ट दुसऱ्यात. मग प्रत्येक कार्यालय दुसऱ्याकडे बोट दाखवतं. अशा वेळी अर्ज दोन्ही प्राधिकरणांना द्यायचा आणि प्रत्येक प्रतीवर "प्रत दुसऱ्या कार्यालयास सादर" असं लिहायचं. आर्थर रोडची मंजूर क्षमता हजारही नाही आणि आत त्याच्या तिपटीहून जास्त माणसं, म्हणजे ही हलवाहलव सतत चालू असते. अर्जाच्या दिवशी माणूस नेमका कुठे आहे हे आधी बघा.

ताडदेव_प्रशिक्षणार्थी

मध्येच विचारतो. शिक्षा भोगून झाली पण दंड भरला नाही म्हणून आत असलेल्यांना ही योजना लागते का? दंड 9,000, न भरल्यास 3 महिने. एक महिना झालाय.

कागदोपत्री

लागते. पक्क्या (शिक्षा झालेल्या) कैद्यासाठी 25,000 पर्यंत, आणि रस्ता छोटा: अधीक्षकांनी 7 दिवसांत कळवायचं, सचिवांनी 7 दिवसांत चौकशी, मग समिती, आणि रक्कम कोर्टात. इथे अट बदलण्याचा गुंता नाही, कारण दंड हा मुळातच पैसा आहे.

पण पूर्ण 9,000 मागू नका. दंडाऐवजीची कैद जितकी भोगली तितका दंड प्रमाणात फिटतो; हे तत्त्व जुन्या दंडसंहितेत होतं, न्याय संहितेच्या कलम 8 मध्येही आहे. 3 महिन्यांपैकी 1 महिना झाला म्हणजे 6,000 भरले की सुटका. समिती बसेपर्यंत आणखी पंधरा दिवस गेले तर 4,500. प्रस्तावात रकमेसोबत "या तारखेपर्यंत" असं लिहा आणि कारागृहाकडून त्या दिवसाचा हिशेब सही-शिक्क्यानिशी घ्या, नाहीतर जास्त रक्कम मंजूर होते आणि लेखा विभाग ती अडवून बसतो. दंडाची कैद मूळ शिक्षेत मिसळत नाही, ती संपल्यावर सुरू होते. मोजणी तिथूनच करा.

विधीस्वयंसेवक_लालबाग

सगळ्यांचे मनापासून आभार. वकालतनामा उद्या आत पाठवतोय. दोन शंका राहिल्या. बहिणीचा नवरा गावाकडे जामीनदार व्हायला तयार आहे, दीड एकर कोरडवाहू त्याच्या नावावर आहे. मुंबईचं कोर्ट त्याला घेईल का? आणि कैदी विचारतोय की त्याला पॅरोल मिळेल का.

फौजदारी_फोर्ट

पॅरोल नाही. अभिवचन रजा (पॅरोल) आणि संचित रजा (फर्लो) या दोन्ही शिक्षा झालेल्यांसाठी आहेत, कच्च्या कैद्याला फक्त जामीन. आत बरॅकमध्ये हा गैरसमज फार असतो, त्याला नीट समजावून सांगा, नाहीतर तो कोणाकडून तरी रजेचा अर्ज लिहून घेईल आणि उत्तराची वाट बघत बसेल. त्याच्या कामाचं नागरिक सुरक्षा संहितेचं कलम 479 आहे. पहिलाच गुन्हा असेल तर कमाल शिक्षेच्या एक तृतीयांश काळ आत काढल्यावर सोडावं लागतं, आणि त्यासाठी कोर्टात अर्ज करण्याची जबाबदारी अधीक्षकांची आहे. कायदा 1 जुलै 2024 ला लागू झाला, पण त्याआधीच्या गुन्ह्यांतल्या कच्च्या कैद्यांनाही तो लागू होतो असं सर्वोच्च न्यायालयाने 23 ऑगस्ट 2024 ला स्पष्ट केलं. मात्र एकापेक्षा जास्त गुन्हे किंवा खटले प्रलंबित असतील तर हे कलम मदतीला येत नाही. कलम 305 ला कमाल 7 वर्षं, म्हणजे तृतीयांश 2 वर्षं 4 महिने. तुमच्या माणसाने तिथवर थांबायची वेळ येता कामा नये.

मेव्हण्याला जरूर आणा. मध्य प्रदेशातल्या मोतीराम नावाच्या गवंड्याच्या 1978 च्या खटल्यात नेमका हाच प्रश्न होता: 10,000 चा जामीन, आणि भाऊ दुसऱ्या जिल्ह्यातला म्हणून नाकारलेला. तेव्हाच सर्वोच्च न्यायालयाने ते चूक ठरवलं. त्याला सोबत आणायला सांगा: ताजा डिजिटल सातबारा आणि आठ-अ, तहसीलदारांचा ऐपतीचा दाखला, आधार, रेशनकार्ड, दोन फोटो. ऐपतीच्या दाखल्याला वेळ लागतो, त्याने आजच आपले सरकार पोर्टलवर किंवा सेतू केंद्रात अर्ज करावा. नाव सगळ्या कागदांवर एकसारखं हवं. सातबाऱ्यावर वडिलांचं नाव एका पद्धतीने आणि आधारवर दुसऱ्या पद्धतीने असेल तर शपथपत्र लागेल. जालन्याहून तो एकदाच येऊ शकेल असं धरून चाला. म्हणून पडताळणीची तारीख आधी ठरवून मगच त्याला गाडीत बसवा.

कागदोपत्री

शेवटच्या टप्प्यासाठी एक सांगतो. बाँड भरला गेल्यावर सुटकेचा आदेश निघतो, तो हातात घेऊन तिथेच उभं राहून वाचा. पाच गोष्टी जुळल्या पाहिजेत: कैद्याचं नाव, वडिलांचं नाव, पोलीस ठाणं, गुन्हा रजिस्टर क्रमांक आणि वर्ष, कलम. कारागृहाच्या नोंदीत "बाळू" आणि आदेशात "बालाजी" असेल तर गेटवर सुटका थांबते आणि आदेश दुरुस्तीला परत कोर्टात. कारागृहातलं नाव वॉरंटावरून घेतलेलं असतं, ते ज्युडिशियल विभागातून आधीच लिहून आणा आणि कोर्टात तसंच लिहायला सांगा. दोन नावं असतील तर "ऊर्फ" टाकून.

दुसऱ्या कोणत्या गुन्ह्यात ताबा वॉरंट (त्या गुन्ह्यासाठी ताब्यात घेण्याचा आदेश) प्रलंबित आहे का हेही तिथेच विचारा. असेल तर या प्रकरणात सुटूनही तो बाहेर येणार नाही आणि समितीचा पैसा उगाच अडकेल.

आर्थर रोडच्या दाराबाहेर जामीनपेटी आहे. आदेश तिच्यात संध्याकाळी साडेपाचच्या आत पडला नाही तर सुटका दुसऱ्या दिवशी. माझगावहून निघताना चार वाजले असतील तर टॅक्सी करा. सात रस्त्याला गाडी अडकण्यात अर्धा तास जाऊ शकतो.